पिवळ्या ड्रमाला गोळी

...आन ह्याच्यावर त्यो बालाजी काय म्हनला ठाव हाय का तुमाला? म्हनला, "अरे शिवशंकर, गेमच हाय की." गेमच हाय म्हनं! निम्मं तेरखेडा, आमचं गाव, तुरीच्या रानात पालथं पडलंय, हरणाबाईच्या हातात लाटणं तसंच हाय, लाटण्याला कणीक तशीच हाय, मी सोता ढेकळात तोंड खुपसून पडलोय, पायात चपला न्हायत, हातात कॉम्प्युटरचा माऊस हाय वायरीसकट, आन ह्यो गच्चीवरनं दोनी हातांचा कर्णा करून वरडतोय, गेमच हाय की!

बसा जरा, सरका तिकडं, मला बी टेकू द्या. कळंबची गाडी काय लगेच येत न्हाय. मी कळंबला चाललोय मायच्या गुडघ्याचं तेल आनायला, आन त्या तेलाचा आन ह्या गेमचा संबंध हाय म्हनून सांगतो, न्हायतर मला काय हौस न्हाय आपली फजिती स्टँडवर सांगत बसायची. पर सगळ्या गावाला ठाव झालंच हाय, तर तुमी कामून मागं ऱ्हायचं?

आता तुमी म्हनाल तू कोन. मी शिवशंकर, फटाक्याच्या शेडावर मुकादम. मुकादम म्हनलं की तुमच्या डोळ्यापुढं मिशीवाला गडी आला आसंल, गुरकावनारा. तसलं काय न्हाय. माजं काम हाय भ्यायचं. खरंच सांगतो. बाया सुतळी गुंडाळत्यात, गडी दारू भरत्यात, आन मी भितो. दिवसभर भितो. दाराशी चपला काढा. मोबाईल बाहेरच्या डब्यात टाका. पळू नगा. ड्रम ढकलू नगा, उचला. ए बाई, घमेलं आपटू नगं, लेकराला निजवल्यागत ठिव. तुमाला हसू येतंय, पर एवढी दारू आजूबाजूला आसल्यावर एक तरी मानूस भ्यायला लागतोच का न्हाय? तर त्यो मी. मालकानं माज्यात दुसरा कुठलाच गुन बघितला न्हाय. म्हनला, "शंकर, तू जन्माचा भित्रा हायस, तुला मुकादम करतो."

आन आमच्या गावात लेकरू चालाया लागलं की आधी काय शिकवत्यात? मोठा आवाज झाला की मागं बघायचं न्हाय. सामान घ्यायचं न्हाय. मोकळ्या रानात पळायचं, पालथं पडायचं, कान झाकायचे. आन सगळं शांत झालं की गल्लीतली थोरली बाई एकेकाचं नाव घेती, ज्याचं त्यानं 'ओ' द्यायचा. बाकीच्या गावातली लेकरं पाढे शिकत्यात, आमी हे शिकतो. हाडात बसलंय ते. दिवाळीत लोक फटाके लावत्यात, तवा तेरखेड्याचा मानूस वळखायचा आसंल तर बघा, जो सगळ्यात मागं, कान झाकून उभा हाय, त्यो आमचा.

आता आसल्या मानसानं बंदुकीचा गेम खेळावा का? तुमीच सांगा.

पर खेळलो. पोरगा हुतो. कळंबला कॉलेजात हुतो तवाची गोष्ट, मोबाईलला बटनं हुती तवाची. तिथं एक कॉम्प्युटर क्लास हुता, गुरुसिद्धप्पा सरांचा. सर अणदूरकडचे, निम्मं मराठी, निम्मं कानडी, आन रागावले की सगळंच कानडी. मोजके कॉम्प्युटर, त्याला सरांच्या मिशेसनं शिवलेली फुलाफुलाची कव्हरं, आन सीपीयूला खंडोबाचा भंडारा लावलेला. दारातच वरडायचे, "ए तेरखेडा, चप्पल अल्ली बिडु!" चप्पल तिथं सोड म्हनून. मला काय सांगायचं वो? आमच्या गावात तर सगळ्याच दाराशी चपला काढत्यात. मला वाटलं, हे बी आपल्यासारखंच हाय, ह्याच्यात बी दारूच भरलेली आसनार. तवापासनं मी कॉम्प्युटरला जरा लांबनंच हात लावतो.

एका कॉम्प्युटरवर दोघं. माज्या जोडीला ह्यो बालाजी, कळंबच्या अडत्याचा पोरगा. धान्याच्या पोत्यावर वाढलेलं, त्याला कशाचं भ्या आसनार? लई झालं तर पोतं अंगावर पडंल. क्लास सुटला की सर आमाला म्हनायचे, "अर्धा तास बसा, काही तरी खेळा, बोटं मोकळी होतात." आन सरांनीच त्यो गेम लावून दिलेला. नाव इंग्रजीत हुतं, आमी म्हनायचो मंगळाचं गोदाम.

गोष्ट काय, तर पुढच्या जमान्यात मानूस मंगळावर गेलाय आन तिथं बी जाऊन काय बांधलं, तर गोदाम. त्या गोदामात शास्त्रज्ञ. शास्त्रज्ञांनी नगं ते दार उघडलं. उघडलं ते उघडलं, आन त्याच्यातनं काय काय भायेर आलं बाबा! आता एवढं मोठं झेंगाट झाल्यावर कंपनीनं किती मानसं पाठवावीत? एक. आख्ख्या मंगळाला एक शिपाई. ना जोडीदार, ना डबा, ना कुनी इचारनारं बाबा तू जेवलास का. आपल्याला त्याचं तोंड बी दिसत न्हाय, नुसते हात दिसत्यात, आन हातात बंदूक. आन त्यो चालतो तर लांबच लांब बोळातनं, ट्यूबलाईट लुकलुकतीय, कुठं तरी पानी ठिपकतंय, आन लांबनं कुनी तरी श्वास घेतंय, घर्र... घर्र... मी बालाजीला म्हनायचो, "बाला, परत फिर. कुनी तरी हाय." त्यो म्हनायचा, "आरं असनारच की. गेमच हाय."

आमी त्या भुतांना नावं ठिवलेली. एक जमिनीवरनं तिरकं पळायचं, त्यो खेकडा. एक वरच्या पत्र्याला चिकटून बसायचं आन नेमकं मानेवर पडायचं, त्यो लोंबकळ्या. तुमाला सांगतो, एवढी वर्सं झाली, लगीन झालं, केस पिकले, पर आज बी शेडाचा पत्रा उनानं कड्‌ वाजला की मी आधी वर बघतो. वर्षाराणी, माजी बायको, इचारती, "काय हाय वर?" आता तिला काय सांगू, लोंबकळ्या हाय म्हनून?

आन सगळ्यात शेवटी, वरच्या मजल्यावर, थोरला. डोंगरायेवढा. अंगभर डोळे, आन सगळे डोळे एकाच वक्ताला उघडायचे, आन सगळे आपल्याकडंच. त्याला गोळी लागत न्हाय. कितीबी मारा, टण्‌ करून उडती. त्याला मारायचा एकच रस्ता. त्याच्या पायाशी पिवळे ड्रम हायत, वर कवटीचं चित्र. त्या ड्रमाला गोळी मारायची. एक फुटला की दुसरा, दुसरा की तिसरा, लडीसारखे, आन त्याच्यात थोरला खतम.

आता इथंच माजी गाडी अडकली. आमी कसं खेळायचो, तर एक कीबोर्ड, दोघांत वाटून. चालायची बटनं बालाजीकडं, गोळीचं बटन माज्याकडं. पयल्या दिवशी आसं बसलो ते बसलो, मंग तेच ठरलं. त्यो चालायचा, मी मारायचो. खेकडा मारला, लोंबकळ्या डोळे मिटून का हुईना मारला. पर थोरल्याच्या म्होरं उभं ऱ्हायलो की बालाजी वरडायचा, "दाब! ड्रमला मार! दाब की!" आन माजं बोट उठायचं न्हाय. कसं उठंल? आमच्या शेडावर तसलेच ड्रम. तसाच पिवळा रंग, तशीच कवटी. त्याच्याजवळनं जाताना मोठ्यानं शिंकायचं न्हाय हे मला पाळण्यात शिकवलंय, आन ह्यो म्हनतो गोळी मार! मी म्हनायचो, "बाला, पयलं त्या शिपायाला म्हनावं बूट काढ." तवर थोरला एक फुंकर मारायचा आन आमी मेलो. न्हायतर लाईट जायची, सगळं काळं, आन मी मनातल्या मनात हात जोडायचो, चला, आज बी वाचलो. सर मागनं टाळू बडवत म्हनायचे, "अय्यो, एवढं जवळ जाऊन!" आन बालाजी माज्याकडं आसा बघायचा जसं म्या त्याचं लगीन मोडलंय. म्हनायचा, "मर्दा, गेमच हाय की!"

क्लास संपला. बालाजी पुन्याला गेला, नोकरी लागली. सर पार थकले, अणदूरला जाऊन ऱ्हायले, क्लासाच्या जागी आता मोबाईलचं दुकान झालंय. मी त्या दुकानापुढनं जातो तवा अजून पाय थबकतो बगा. वाटतं, आतनं सर वरडतील, ए तेरखेडा. पर आत सगळे चपला घालूनच उभे आसत्यात. वाईट वाटतं वो. काय वाईट वाटतं ते सांगता येत न्हाय, पर वाटतं. आन थोरला तसाच ऱ्हायला, जित्ता. आमच्या दोघांच्या मधी.

मंग काय झालं, तर बालाजी झाला आमच्या गावचा जावई. आमच्याच गल्लीची दीपाली त्याला दिली. आन जावई म्हंजी तुमाला सांगायला नगं. गावात येतो तर चौकापासनं लोक नमस्कार करत्यात. दीपालीचा भाऊ बजरंग, त्याचा लग्नाचा डीजे हाय, माडीयेवढे स्पीकर. त्यो तर मेव्हण्याचं पानी बी सोता भरून देतो. बालाजी चुकला आसं आमच्या गावात अजून कुनी म्हनलेलं न्हाय.

ह्या गेल्या अमावास्येची गोष्ट. अमावास्येला आमचं शेड बंद. सगळी मानसं घरी, दारात, झाडाखाली. मी एकटा दुपारी निघालो, म्हनलं जरा शेडावर चक्कर मारून येतो, वाळत घातलेला माल झाकलाय का बघतो. मायला दारातनं सांगितलं, "माय, शेडावर जाऊन येतो." ती म्हनली, "सांभाळून." ती रोजच म्हनती, सांभाळून. मी रोजच म्हनतो, व्हय. आन निघालो.

चौकात जावईबापू. गळ्यातच पडला. "शिवशंकर! तुलाच हुडकत हुतो. घावला!" म्या म्हनलं, काय घावलं? म्हनला, "गेम! मंगळाचं गोदाम! लॅपटॉपवर टाकलाय. आज थोरल्याचा निकाल लावायचा." म्या म्हनलं मला शेडावर जायचंय. म्हनला, "आरं शेड काय पळून जातंय का? चल." आता जावयाला न्हाय कसं म्हनायचं? आन खरं सांगू का, माजं बी काळीज हललं. एवढ्या वर्सांनी. म्या घरी निरोप धाडायला पायजे हुता, माय, मी शेडावर गेलोच न्हाय, बजरंगाच्या गच्चीवर हाय. पर एवढ्याशा गोष्टीला कोन निरोप धाडतं?

गच्चीवर गेलो तर बजरंगाचे सगळे स्पीकर तिथंच रचलेले. दुसऱ्या दिवशी कुठली तरी हळद हुती म्हनं. बालाजी म्हनला, "आवाजाशिवाय काय मजा न्हाय," आन दिली वायर जोडून. म्या म्हनलं, "बाला, आवाज नगं." म्हनला, "गेमच हाय की." आन बजरंगाची गच्ची कुठं हाय, तर गावाच्या त्या टोकाला, शेडाकडं जानाऱ्या रस्त्यावर. हे तवा माज्या ध्यानात आलं न्हाय. माज्या! ज्याचं कामच भ्यायचं हाय त्याच्या!

बसलो. बाजेवर लॅपटॉप, एका बाजूला त्यो, एका बाजूला मी. तीच चालायची बटनं त्याच्याकडं. गोळीला मला माऊस दिला. आन चालू झालं बगा... तीच ट्यूबलाईट, तेच पानी, त्योच श्वास, घर्र घर्र. चित्र आता किती भिकार वाटतं, सगळी चौकोनी चौकोनी ठिगळं, खेकड्याचे पाय मोजता येत्यात. हसलो दोघं. आन हसता हसता माज्या मानेवर काटा बी आला. मी पत्र्याकडं बघितलं, तर वर पत्राच न्हाय, आभाळ. तरी बघितलं.

गेलो वर. थोरल्याच्या म्होरं उभं ऱ्हायलो. उघडले सगळे डोळे. पायाशी पिवळे ड्रम. बालाजीनं आवाज चढवला आन हळूच म्हनला, "शिवा, आता आपलं वय झालं. दाब." कसला मायेनं म्हनला वो. मला सर आठवले, भंडारा लावलेला सीपीयू आठवला. म्हनलं, होऊन जाऊ दे. काय हाय त्याच्यात? गेमच हाय की. हे म्या सोता म्हनलं, माज्या तोंडानं. डोळे मिटले आन दाबलं.

तुमाला सांगतो... धडाम्‌. न्हाय, धडाम्‌ न्हाय, त्याला शब्दच न्हाय. गच्ची हलली. छातीत कुनी तरी दगड हानल्यागत झालं. एक फुटला, दुसरा, तिसरा, लडीच लागली, आन बजरंगाचे स्पीकर! वरातीत घोडं बुजतं त्या स्पीकरनं!

आता मला सगळं ठाव हुतं का न्हाय? ठाव हुतं. बटन म्या दाबलंय. आवाज लॅपटॉपचा हाय. पर हे डोक्याला ठाव हुतं, पायाला कोन सांगनार? पाय निघाले! जिन्यावरनं कसा उतरलो, कुंपन कसं वलांडलं, काय बी ठाव न्हाय. मला आठवतं ते एकदम तुरीच्या रानात, पालथा, कान झाकलेला, आन कानात माऊस टोचतोय.

आन लोकांनी काय बघितलं? धडामधुडूम झालं, ते शेडाच्या अंगानं झालं, आन त्याच अंगानं आपला मुकादम अनवानी, बेभान पळत आला. आता आवाजाला एखाद्या वेळी मानूस म्हनतो, दुसरं काही तरी आसंल. पर मुकादम पळतोय म्हनल्यावर कोन इचार करतंय? सगळी गल्ली माज्या मागं. पाठोपाठ दुसरी गल्ली. कुनी तरी वरडलं, "शेड उडालं!" आन सगळे धपाधप पालथे. मी मान वर करून म्हनतोय, "आवो गेम हुता..." तर शेजारचा माजी मुंडी दाबून म्हनतो, "मुकादम, खाली! अजून फुटंल!" सोता मीच शिकवलंय त्याला.

मंग शांत झालं. हरणाबाई उठली, आमच्या गल्लीची थोरली, लाटणं वर केलं आन नावं घ्यायला लागली. एकेक 'ओ' यायला लागला. वर्षाराणी... ओ. लेक निकिता... ओ. माज्या जिवात जीव आला. म्हनलं आता ही नावं संपली की उठून सगळं सांगतो, पाया पडतो. आन हरणाबाई म्हनली, "सिताबाई."

कुनी बोललं न्हाय.

"सिताबाई..."

माजी माय हो. माय 'ओ' देईना.

आता हसू नगा. इथं मी खरा भ्यालो. त्याच्या आदी जे भ्यालो हुतो ना, लोंबकळ्याला, थोरल्याला, ड्रमाला, ते सगळं खोटं हुतं हे मला तवा कळलं. भ्या काय आसतं, तर एक नाव घेतलं जातं आन रानात नुसता वारा ऐकू येतो. मी उठलो, माऊस टाकायचं बी भान न्हाय, आन घराकडं पळालो.

ओट्यावर आमचे आण्णा, माजे वडील, बब्रुवान. जिंदगीभर सुतळी बाँब तपासायचं काम केलं, कान पार गेलेत. आख्खं गाव पळालं, ह्यांना पत्ताच न्हाय, शेंगा फोडत बसलेले. मी कानाशी वरडलो, "आण्णा, माय कुठाय?" शेंग तोंडात टाकली आन निवांत म्हनले, "गेली की. लोकं कशाला पळालीत कुनास ठाव. ती उठली आन ह्या अंगानं गेली. शेडाकडं."

शेडाकडं. इचार करा तुमी. सगळं गाव इकडं पळतंय आन माजी माय तिकडं. जिला गुडघ्यापायी परसात जायाला काठी लागती, ती. काठी तर दारातच पडलेली. कामून गेली? तिला ठाव हुतं की आज अमावास्या हाय, फाटकावरला राखनदार सोडला तर शेडावर कुनी न्हाय, आत फकस्त एक मानूस हाय. मी. मी सांगून गेल्तो ना, शेडावर जाऊन येतो म्हनून.

शेडापतूर कसा गेलो मला इचारू नगा. फाटकाशी पोचलो तर राखनदार बी पळालेला, फाटक सताड उघडं, आन फाटकाच्या भायेर चपला. मायच्या. शेजारी शेजारी, नीट मांडलेल्या. तुमाला कसं सांगू... तिला वाटतंय आत सगळं पेटलंय, आपलं लेकरू आत हाय, आन तरी हिनं दाराशी थांबून चपला काढल्या. कारन त्याच शेडात तिनं बी उमर घालवली, आन शेडात चप्पल घालून जात न्हाय. त्या चपला बघितल्या. मी तिथंच बसलो.

आन आतनं आवाज. "शंकऱ्या... शंकऱ्या रं..." एकेका खोलीत जाऊन, दाराला हात धरून हाका मारतीय, त्या बी हळू. हळू! मोठ्यानं वरडलं तर दारू पेटत न्हाय हे तिला बी ठाव हाय, पर पायासारखंच गळ्याला बी वळन लागलेलं आसतं. म्या म्हनलं, "माय." तिला ऐकू गेलं न्हाय. परत म्हनलं, "माय, मी इथं हाय." वळली. बघितलं. आली फरफटत, आन पयलं काय केलं, तर दिली एक कानाखाली. मंग माजे दोनी हात धरले, उलटे केले, सुलटे केले, आन एकेक बोट चाचपून बघितलं. सगळी हायत का. मंग माऊसवर हात पडला तर घाबरली, म्हनली, "हे काय रं, कुठला बाँब हाय ह्यो?"

म्या म्हनलं, "माय, कॉम्प्युटरचा हाय. काय उडालं न्हाय. गेम हुता." ती म्हनली, "गेम म्हंजी?" आता काय सांगू? मंगळ सांगू, का शास्त्रज्ञ सांगू? मी रडायलाच लागलो. मुकादम मानूस, फाटकात बसून रडतोय. ती म्हनली, "गप. चपला कुठायत तुज्या?" म्या म्हनलं, "बजरंगाच्या गच्चीवर." म्हनली, "तिथं काढल्यास आन इथं अनवानी आलास?" आन मंग हसली, आन हसता हसता खाली बसली, आन जी बसली ती उठंचना. गुडघं सुजून भोपळं.

पाठीवर घेतलं आन निघालो. तर समोरनं गाव येतंय. त्यांनी काय बघितलं? मुकादम रडत येतोय आन पाठीवर सिताबाई, मान टाकून. हरणाबाईनं तिथंच बसकन मारली आन असा हंबरडा फोडला की सगळ्या बाया सुरू झाल्या. सिताबाई आसली सोन्यासारखी हुती, सिताबाई तसली हुती. आमची माय पाठीवर मान टाकूनच ऐकतीय. म्या म्हनलं, "माय, बोल की काही तरी." कानात म्हनली, "थांब जरा. चांगलं बोलायलीत."

मंग व्हायचं ते झालं. सगळ्यांना कळलं आन सगळे माज्यावर तुटून पडले. तुला अक्कल हाय का, मुकादम हायस का कोन हायस, लेकराचं वय हाय का तुजं. मालक तर बोलला, "तुला भ्यायला ठिवलंय, दुसऱ्याला भेवडायला न्हाय." म्या म्हनलं, लॅपटॉप कुनाचा? स्पीकर कुनी जोडले? आवाज कुनी चढवला? तर सगळे एकदम गप. कारन जावई. हरणाबाई डोळे पुसून म्हनली, "जावईबापूंना काय ठाव आपल्या गावचं? त्यांना कुनी तरी सांगायला नगं का?" कुनी तरी म्हंजी मी. बालाजीला ओट्यावर खुर्ची टाकली, च्या दिला, वर शेव दिली. आन त्यो शेव खात माज्याकडं बघून म्हनतो, "पर शिवा, थोरला मेला का न्हाय ते बघायचंच ऱ्हायलं. तू माऊस उपटून पळालास ना, गेम तिथंच अडकला."

आईका. एवढं करून थोरला मेला का, हे बी ठाव न्हाय.

दुसऱ्या दिवशी बालाजी आला, मायच्या पाया पडला, लई शरमिंदा झालेला. जाताना त्याचा जुना लॅपटॉप गेमसकट माज्या घरी ठिवून गेला. म्हनला, "मायला बघायचाय म्हनं." म्या म्हनलं, मायला? तर व्हय. माय म्हनली, "ज्याच्यापायी माजे गुडघे गेले ते हाय तरी काय, मला बघू दे एकदा."

तवापासनं रोज दिवस मावळायच्या आत, आवाज पार बंद करून, बाजेवर आमी दोघं मायलेकं. चालायची बटनं तिच्याकडं. तिनंच घेतली. म्हनली, "चालायचं माज्याकडं दे, तुजा काय भरवसा." आन काय चालवती वो! सरळ मधनं न्हाय, भिंतीभिंतीनं, एकेका खोलीच्या दाराशी थांबून, आत कुनी हाय का बघत. खेकडा आला की मला म्हनती, "मार त्याला." लोंबकळ्या पडला की म्हनती, "आगं बया," आन पदर सारखा करती. शिपायाची तिला लई काळजी. "ह्याला घरून कुनी फोन करत न्हाय का रं? आन ह्यो बूट घालून कामून हिंडतो? काढायला लाव." म्या म्हनलं माय, ते बूट काढायचं बटन न्हाय. म्हनली, "मंग कंपनीला सांगा."

काल वरच्या मजल्यावर पोचलो. थोरल्यानं डोळे उघडले. मायनं बघितलं, माय काय भ्याली न्हाय. मंग तिची नजर खाली गेली. पिवळे ड्रम. कवटी. तिनं माज्या हातावर हात ठिवला, माऊससकट. म्या म्हनलं, "माय, एकच गोळी. एवढी वर्सं ऱ्हायलंय. आवाज बी बंद हाय. गेमच हाय की."

तर म्हनली, "आसंल. पर आत त्यो शिपाई कुनाचं तरी लेकरू हाय न्हवं?"

...ती बगा, धूळ उडाली, गाडीच हाय. चला. मंग काय? शिपायाला पाठ फिरवायला लावली, हळूहळू, भिंतीभिंतीनं, परत जिन्यानं खाली आनला, फाटकाच्या भायेर नेऊन उभा केला, आन लॅपटॉप बंद केला. आज बी तेच करायचंय. उद्या बी. थोरला वर सगळे डोळे उघडून वाट बघतोय, अजून जित्ता, आन मी गुडघ्याचं तेल आनायला कळंबला चाललोय.